अलिबागचा जेट, वाशिमची हवा

सोयाबीनवर पहिली फवारणी सुरू होते त्या दिवसांत वाशिम जिल्ह्यातल्या बाजारगावी, मग ते कारंजा असो, रिसोड असो की मंगरूळपीर, मेकॅनिकच्या टपरीसमोर पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप ओळीने येऊन पडलेले असतात. वर्षभर कोठ्यात पडून राहिलेला पंप दोरी ओढून ओढून हात दुखले तरी पेटत नाही. मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, आत जमलेला पिवळट चिकट साका धुतो, जेट उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतंय का ते एक डोळा मिटून बघतो आणि फुंकर मारून परत बसवतो. जाणता मेकॅनिक त्या भोकात तार घालत नाही. पितळ मऊ असतं. तारेने भोक केसभर वाढलं तरी पंप जास्त पेट्रोल पितो आणि धूर ओकतो.

चारचाकींतून कार्बोरेटर २००० सालाच्या सुमारास गेला आणि १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही. शेतातल्या पंपात आणि काही हौशी माणसांच्या गाड्यांत मात्र तो अजून नांदतो आहे. त्यातली सर्वांत देखणी जात म्हणजे जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांच्या बेतावर नव्याने बांधलेल्या गाड्या, म्हणजेच रेप्लिका. अशा गाडीला कुठला कार्बोरेटर घ्यावा, केवढा घ्यावा आणि समुद्रकाठी बसवलेलं ट्यूनिंग वऱ्हाडात टिकतं का, हा या लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा पत्ता अलिबागचा आहे. तिथल्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर ही गाडी लोटस सेव्हनच्या धर्तीवर बांधलेली. कॉलिन चॅपमनने १९५७मध्ये आणलेली मूळ सेव्हन म्हणजे नळ्यांचा सांगाडा, दोन माणसांची जागा आणि लांब नाक. जे नसलं तरी गाडी धावेल ते सगळं त्याने गाळून टाकलं होतं. १९७३मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि तेव्हापासून जगभर तिच्या असंख्य प्रती निघाल्या. अलिबागच्या प्रतीत बसलं ते १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन, म्हणजे काँटेसा आणि अँबेसिडरमध्ये हिंदुस्तान मोटर्स वापरायची तेच. हे इंजिन ज्या अँबेसिडरला ओढत असे, तिच्यापेक्षा ही फायबरची गाडी कितीतरी हलकी. गोव्यातून आलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडीही फायबरचीच होती, पण तिच्या ११४९ सीसीच्या रेनॉ इंजिनाला फ्युएल इंजेक्शन होतं. त्यामुळे आपला प्रश्न तिला लागू होत नाही.

इसुझू इंजिन दणकट आहे, मात्र त्याची घडण कुटुंबाच्या आणि टॅक्सीच्या गाडीसाठी झाली. त्यावरचा कारखान्याचा कार्बोरेटर इंधन वाचवायला आणि गुळगुळीत चालायला बनवलेला. हलक्या गाडीत ते इंजिन बसलं की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो कार्बोरेटर बदलायचा, आणि दुसरा विचार लगेच येतो तो सर्वांत मोठा घ्यायचा. अशा गाड्यांचा निम्मा बिघाड या दुसऱ्या विचारातून जन्मतो.

कार्बोरेटरचं काम साधं आहे. इंजिन हवा ओढतं, ती हवा मध्येच अरुंद होणाऱ्या गळ्यातून जाताना वेग घेते, वेग वाढला की तिथला दाब घटतो आणि शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून उसळून फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. हंगेरीच्या बांकी आणि चोंका यांनी आणि जर्मनीच्या मायबाखने १८९३च्या सुमारास हा फवारा साधला. बांकीला ही कल्पना फुलवाली फुलांवर पाणी फवारताना बघून सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, फवारणीच्या पंपाशी कार्बोरेटरचं नातं तिथपर्यंत जातं.

गळा मोठा असला की वरच्या फेऱ्यांना, म्हणजे इंजिन जोरात फिरत असताना, जास्त हवा जाते, हे बरोबर. पण खालच्या फेऱ्यांना त्याच गळ्यातून हवा रमतगमत जाते, दाब पुरेसा घटत नाही आणि पेट्रोलचा फवारा न होता थेंब पडतात. गाडी पिकअपला अडखळते, गचके खाते. मालकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय. तो जेट मोठा करतो, प्लग काळे पडतात आणि गाडी आणखी मंदावते.

बाजारात निवडीला वाव आहे. कार्बोरेटर बाहेरून मागवायचा म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते वेबरचं. एदोआर्दो वेबरने १९२३मध्ये बोलोन्यात काढलेल्या कंपनीचा डीसीओई हा आडवा, दोन नळ्यांचा कार्बोरेटर जगातल्या रेसिंगचा चेहरा झाला. चार सिलिंडरला असे दोन लावले की प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी मिळते. त्याच जातीचा डेलॉर्टो डीएचएलए आणि जपानात मिकुनीने सोलेक्सच्या परवान्यावर केलेले पीएचएच हे वेबरचे खरे प्रतिस्पर्धी. डेलॉर्टोचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. पुण्याच्या स्पाकोने त्याच्या परवान्यावर बजाज स्कूटरचे कार्बोरेटर बनवले, आणि देशोदेशीचे स्कूटरवेडे स्पाको हे नाव आजही ओळखतात. हल्ली वेबरच्या चिनी नकला स्वस्तात मिळतात. वरून त्या हुबेहूब दिसतात. फरक असतो तो थ्रॉटलच्या कडेला पाडलेल्या केसासारख्या भोकांच्या जागेत, आणि मंद गतीची सगळी मदार त्याच भोकांवर असते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

दुसरी वाट ब्रिटिश एसयूची. त्यातला पिस्टन हवेच्या ओढीप्रमाणे वर-खाली होऊन गळा स्वतःच लहान-मोठा करतो, म्हणून खालच्या फेऱ्यांनाही फवारा मोडत नाही. १९६२मध्ये आलेल्या एमजीबी या स्पोर्ट्‌स गाडीचं इंजिन १७९८ सीसीचं, म्हणजे आपल्या इसुझूच्या जवळपास तेवढंच, आणि तिला दीड इंची दोन एसयू पुरत असत. वेबरच्या वलयामुळे एसयूकडे दुर्लक्ष होतं, हे बरोबर नाही. रोज चालवायच्या, लांब जायच्या, निरनिराळ्या उंचीवर फिरायच्या गाडीला तो जास्त समजूतदार सोबती आहे. त्याची अडचण वेगळी: मिश्रण बदलायचं तर निमुळती सुई बदलावी लागते, सुयांच्या आकारांची यादी भलीमोठी आहे आणि योग्य सुई सापडेपर्यंत धीर लागतो. परदेशात काही जण चार सिलिंडरच्या मोटारसायकलचे चार कार्बोरेटर काढून गाडीला बसवतात. तेही याच तत्त्वावर चालतात आणि स्वस्तात पडतात. त्यात खरं काम असतं ते मॅनिफोल्ड नीट घडवण्याचं.

अमेरिकेत सर्वांत जास्त नकला होणाऱ्या गाड्यांत कोब्रा ही स्पोर्ट्‌स गाडी आहे, आणि तिथेही मोह मोठ्याच कार्बोरेटरचा. ३०२ घनइंची व्ही-८ इंजिन ६००० फेऱ्यांना सिलिंडर पूर्ण भरले तरी मिनिटाला सुमारे ५२५ घनफूट हवा ओढतं, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. तरीही ६०० घनफुटाचा होली कार्बोरेटर सोडून ७५०चा विकत घेणारे पुष्कळ सापडतात, आणि मग गाडी सिग्नलवरून उठताना का ठेचकाळते याचा शोध सुरू होतो.

आपल्या १८१७ सीसीसाठी हिशेब कागदावर करता येतो. वेबरच्या भाषेत चोक म्हणजे सकाळी ओढायचं बटण नव्हे. नळीच्या आत बसणारी, मध्ये अरुंद झालेली ती सुटी बांगडी म्हणजे वर सांगितलेला गळा. तिचा व्यास काढायचं ढोबळ सूत्र असं आहे: एका सिलिंडरची क्षमता लिटरमध्ये घ्यायची, जास्तीत जास्त ताकद ज्या फेऱ्यांवर हवी ती संख्या हजारांत घ्यायची, दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढून २०ने गुणायचं. एक सिलिंडर ४५४ सीसीचं आणि फेऱ्या ६००० धरल्या तर उत्तर ३३ मिलिमीटर येतं. ५००० फेऱ्यांना ३०. नळी गळ्याच्या सव्वापट असावी असा जुना नियम आहे, म्हणून दोन्हींच्या मधला ३२चा गळा धरला तर ४०ची नळी, म्हणजेच ४० डीसीओई. आता ४५ घ्यायचा म्हटलं तर त्याला शोभणारा गळा ३६चा, आणि ३६चा गळा भरायला हे इंजिन सात हजारांच्या वर फिरवावं लागेल. मूळ कॅमशाफ्ट, मूळ पिस्टन आणि मूळ व्हॉल्व्ह असलेलं टॅक्सीचं इंजिन तिथे जात नाही आणि नेऊही नये. लोटसनेही आपल्या १५५८ सीसीच्या इलान या गाडीला ४०चेच दोन डीसीओई दिले होते.

३२चा गळा ठरला की सुरुवातीचे आकडे मिळतात. वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मेन जेट गळ्याच्या चौपट, म्हणजे १२८, जवळचा १३०. एअर करेक्टर, म्हणजे त्या पेट्रोलमध्ये हवा सोडणारा जेट, मेनपेक्षा ५०ने मोठा, १८०. या मापाच्या सिलिंडरला इमल्शन ट्यूब एफ-१६, मंद गतीचा आयडल जेट ४५ किंवा ५०. हे आकडे आरंभापुरते. इथून पुढे गाडीनेच सांगायचं असतं.

त्याआधी पाळायची एक शिस्त आहे, आणि बहुतेक ट्यूनिंग तिथेच फसतं. कार्बोरेटरला हात लावण्यापूर्वी टॅपेट, इग्निशन टायमिंग, प्लग, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि मॅनिफोल्डच्या गास्केटमधून होणारी हवेची गळती तपासायची. टायमिंग मागे पडलेलं असलं की गाडी मंद वाटते आणि दोष जेटवर जातो. मग पेट्रोलचा दाब. डीसीओईला अडीच-तीन पीएसआय पुरतात. इंजेक्शनच्या गाडीतला पंप त्याच्या दहा-पंधरा पट दाब देतो. तो जोडला की फ्लोटची सुई दाब अडवू शकत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो आणि गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोल ठिबकू लागतं. यातून गाड्या जळतात. योग्य पंप आणि दाब बांधणारा रेग्युलेटर यांवर कधीही काटकसर करू नये.

त्यानंतर फ्लोटची पातळी, मग दोन्ही कार्बोरेटरचा समतोल. त्यासाठी हवा मोजणारं छोटं यंत्र मिळतं, पण जुने मिस्त्री पेट्रोलच्या रबरी नळीचा हातभर तुकडा वापरतात. एक टोक कानाला लावायचं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि आतली फुसफुस ऐकायची. पहिल्या कार्बोरेटरची फुसफुस जाड आणि दुसऱ्याची बारीक असेल तर मधला स्क्रू अर्धा आटा फिरवायचा आणि परत ऐकायचं. तंबोऱ्याच्या तारा जुळवाव्यात तसे दोघांचे आवाज एक होतात, आणि त्या क्षणी इंजिनची थरथर थांबते. मंद गती आणि समतोल जमल्याशिवाय मेन जेटला हात लावणं म्हणजे पाया न खोदता भिंत उचलणं. मेन जेट बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं वहीत लिहून ठेवायचं.

पूर्वी हे सगळं प्लगचा रंग बघून होत असे: चहासारखा तपकिरी बरा, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे कमी. शिसं पेट्रोलमधून गेलं, इथेनॉल आलं, आणि आता चांगल्या मिश्रणावरही प्लग फिकट दिसतो. जुन्या डोळ्यावर आता एवढा भरवसा ठेवता येत नाही. सायलेन्सरमध्ये ऑक्सिजन मोजणारा लॅम्डा सेन्सर बसवून मीटर बघत जेट निवडणं हाच आज खात्रीचा मार्ग आहे. पूर्ण थ्रॉटलला मीटरने हवा आणि इंधनाचं प्रमाण पेट्रोलच्या मापात १२.८च्या आसपास दाखवायला हवं.

आता ही गाडी अलिबागहून वाशिमला आणली असं धरू. अलिबाग समुद्रसपाटीवर, वाशिम साधारण साडेपाचशे मीटर उंच. एवढ्या उंचीने हवेचा दाब सहा टक्क्यांनी उतरतो. मे महिन्यात वाशिमचा पारा ४३ला टेकतो आणि ३० अंशांच्या हवेपेक्षा ती हवा आणखी चार टक्के विरळ असते. दोन्ही मिळून हवा सुमारे दहा टक्के पातळ झाली. कार्बोरेटर हवेचं वजन मोजत नाही, त्याला फक्त तिची ओढ कळते, म्हणून पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही आणि मिश्रण सुमारे पाच टक्के घट्ट होतं. दहा टक्के ताकद तर गेलीच. ती कुठल्याही जेटने परत येत नाही. घट्ट मिश्रण तरी पातळ करावं, म्हणून पूर्वीचा मेकॅनिक उन्हाळ्यात एक नंबर लहान जेट घालत असे.

आज तसं करून चालणार नाही, कारण पंपावर मिळतं ते आता ई-२० आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०२५पर्यंत देशभर तेच झालं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिसळलं की प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरतं. म्हणजे त्याच जेटने गाडी आठ टक्के पातळ मिश्रणावर चालू लागते. पातळ मिश्रणावर इंजिन तापतं, खडखडतं, आणि फार ताणलं तर पिस्टनला भोक पडतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. वाशिमचा मे महिना मिश्रण पाच टक्के घट्ट करतो, ई-२० ते आठ टक्के पातळ करतं. उरतो तीन टक्क्यांचा फरक. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून तीन टक्के भरून काढायला व्यास दीड टक्काच वाढवायचा, १३०चा १३२. बहुतेक जेट पाचाच्या टप्प्याने मिळतात, तेव्हा अलिबागचा जुना १३० वाशिमच्या उन्हाळ्यात जवळपास तसाच चालून जातो. डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो तेव्हा मात्र थंडीने दाट झालेली हवा उंचीचा परिणाम पुसून टाकते. मग ई-२०चे आठ टक्के पूर्ण अंगावर येतात आणि १३५ घालावाच लागतो. उन्हाळ्यात उत्तम पळालेली गाडी हिवाळ्यात खोकते, ती कार्बोरेटर बिघडला म्हणून नव्हे. गळा एकदा ठरवून विसरता येतो. जेट ठरतो तो जागा, ऋतू आणि पेट्रोल या तिघांवर, आणि कार्बोरेटरची गाडी बाळगणाऱ्याने हे मनापासून स्वीकारायला हवं.

इथेनॉलचं आणखी एक दुखणं आहे. ते पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर वाटीच्या तळाशी पांढरी भुकटी धरते, जुन्या रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, फ्लोटच्या सुईचं रबर फुगतं. नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे हवेत, आणि गाडी उभी करताना वाटी रिकामी करून ठेवावी. फवारणी पंपाच्या मालकालाही हाच सल्ला लागू आहे, कारण त्याच्या टाकीतही आता हेच पेट्रोल आहे.

आणि ऊन. फियाट आणि अँबेसिडरच्या जमान्यात मे महिन्यात रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभी असलेली गाडी आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळणारा ड्रायव्हर हे दृश्य ओळखीचं होतं. नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. रोडस्टरमध्ये जागा अरुंद, सायलेन्सर जवळ, त्यामुळे हा धोका जास्तच. उपाय तिहेरी आहे: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डमध्ये उष्णता अडवणारं बेकलाइटचं जाड स्पेसर, सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड, आणि पेट्रोल पंप इंजिनाजवळ न ठेवता टाकीपाशी, म्हणजे पेट्रोल ओढलं न जाता ढकललं जाईल.

कागदोपत्री बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून हटणाऱ्या बदलांना परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. म्हणून कारखान्यातून नोंदवून आलेली गाडी आणि घरी बदललेली गाडी यांत मोठा फरक पडतो. अलिबागकडची एमएच-०६ची गाडी वाशिमच्या एमएच-३७च्या हद्दीत आणली तरी पीयूसी चुकत नाही. मंद गतीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा बीएस-२च्या आधीच्या चारचाकीला ३ टक्के, बीएस-२ आणि ३ला अर्धा टक्का. दोन डीसीओई लावलेल्या इंजिनाला अर्धा टक्का गाठणं फार अवघड आहे. तीन टक्के मात्र आयडल जेट आणि समतोल बरोबर असेल तर सहज जमतात.

जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर तासन् तास एकाच वेगाने गेलं की मेन जेटची खरी परीक्षा होते. रिसोड-मंगरूळपीरच्या रस्त्यांवर बैलगाडीमागून वेग धरताना परीक्षा असते ती पिकअपला पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या पंप जेटची आणि मंद गतीच्या भोकांची. डीसीओईची एक सोय इथे उपयोगी पडते. त्याच्या माथ्यावरचं गोल झाकण एका पंखवाल्या नटने बसलेलं असतं. ते उचललं की आत जेट ओळीने उभे दिसतात आणि कार्बोरेटर न उतरवता स्क्रू ड्रायव्हरने बदलता येतात. चारही बदलायला दहा-पंधरा मिनिटं. शेलूबाजारला चहा होईपर्यंत १३०चे १३५ होतात. हवेच्या तोंडांवर फोमचं फिल्टर हवंच, उघड्या तुताऱ्या कितीही सुंदर दिसल्या तरी. झाकण उचलण्यापूर्वी भोवतालची काळ्या मातीची धूळ कोरड्या ब्रशने झाडून घ्यायची. ५०चा आयडल जेट म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं भोक. त्यात एक कण अडकला की चारातलं एक सिलिंडर मंद गतीला मिसिंग मारतं, आणि मग सगळं खोलून, जेट उजेडाकडे धरून, फुंकर मारून परत बसवावं लागतं.